गाव कळायला लागलं की बदली येते

म्हशीच्या कर्जासाठी तो माणूस चौथ्यांदा शाखेत आला, तेव्हा "उद्या या" म्हणायच्या ऐवजी मी त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसलो आणि वस्तीवर गेलो. कागद सगळे चोख होते. सातबारा, आठ अ, सोसायटीचा बेबाकी दाखला, जनावरांच्या डॉक्टरचं पत्र, दोन जामीनदार. गोठ्यात एक गाय, कडब्याची गंजी बऱ्यापैकी, विहिरीला पाणी. मनातल्या मनात मी मंजुरी देऊनही टाकली होती. चहाची कपबशी खाली ठेवून उठलो, तर त्याची बायको चौकटीत उभी राहून म्हणाली, "साहेब, म्हशी घेऊन द्याल, पण दूध घालायचं कुठं? ओढ्याला पाणी आलं की डेअरीची गाडी अलीकडं येत नाही. आत्ताच एका गाईचं दूध आठवड्यातनं दोनदा नासतंय."

नवऱ्याने डोळे वटारले. मी पुन्हा खाली बसलो.

त्या वस्तीवरचे आणि शेजारच्या दोन वस्त्यांवरचे मिळून म्हशींसाठी सात अर्ज माझ्या टेबलावर होते. ते तसेच ठेवले आणि ओढ्यापलीकडे राहणाऱ्या एका पोराला जुनी पिकअप घ्यायला आधी कर्ज दिलं. गुडघाभर पाणी असलं की लोक कॅन डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायचे आणि तो गाडी लावून वाट बघायचा. डेअरीचा टेम्पो थांबत नसे, हा थांबायचा. फरक म्हटला तर तेवढाच. एक पावसाळा नीट गेला, मग म्हशींचे अर्ज बाहेर काढले. सातातली पाच कर्जं वेळेवर फिटली. एक म्हैस दगावली आणि तिच्या विम्याच्या पैशाला दीड वर्ष लागलं. सातव्याने म्हैस विकून लेकीचं लग्न उरकलं आणि ते खातं माझ्या बदलीनंतर थकीत गेलं.

सात म्हशींनी गावाचा कायापालट झाला असं मी म्हणणार नाही. पण दुभत्या जनावरांच्या कर्जाचा जो छापील अर्ज असतो, त्यात ओढ्यासाठी रकाना नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तीसेक वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या शाखांत. ग्रामविकासात बँकेची भूमिका या विषयावरची भाषणं खूप ऐकली, दोन-चार केलीसुद्धा. आता विचाराल तर माझं उत्तर लहान आहे. कुठलं कर्ज आधी, कुठलं नंतर आणि कुठलं अजिबात नाही, हे गावात बसून, माणसं बघून ठरवणं, हेच बँकवाल्याचं काम. गेल्या काही वर्षांत आपण गावात पैसा पोचवला, खाती पोचवली, मोबाइलमध्ये बँक पोचवली. हे ठरवण्याचं काम मात्र गावातून उचललं आणि शहरातल्या एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं.

पूर्वी हे काम कोण करायचं? सावकार. त्याला कुणाच्या विहिरीला किती पाणी, कुणाचा पोरगा हाताशी आला, कुणाच्या घरी भावाभावांत वाटणी व्हायची आहे, सगळं तोंडपाठ असे. कर्ज द्यायला त्याला कागद लागत नसे. कागद तो नंतरच्या लुटीसाठी करून घेई. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः त्या कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून त्यांची होळी केली. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली, चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पण रोखे जळाले तरी सावकाराच्या डोक्यातली माहिती जळली नव्हती, आणि तिच्या तोडीची माहिती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पुढच्या पेरणीला शेतकरी पुन्हा त्याच्याच ओट्यावर.

पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातल्या कृषी बँकांचा अभ्यास करायला पाठवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या त्यांच्या भल्यामोठ्या अहवालाचं सार दोन शब्दांत सांगतात: "रायफायझन शोधा." हा रायफायझन जर्मनीतल्या खेड्यांचा बर्गमास्टर, म्हणजे नगरप्रमुख. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला त्याने जी पतसंस्था काढली तिचा पायाच असा, की संस्थेचं क्षेत्र लहान ठेवायचं, म्हणजे सभासद एकमेकांना ओळखतील आणि कर्जाला सगळ्यांची मिळून जबाबदारी राहील. निकल्सन माणूस शोधा म्हणत होते. आपल्याकडे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. कायदा सापडला, माणूस शोधायचा राहिला.

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने हे उघडं पाडलं. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के, व्यापारी बँकांचा १ टक्काही नाही, आणि सावकारांचा जवळजवळ ७० टक्के. मग धडाक्याने पावलं पडत गेली. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचं बंधन तिच्यावर आलं. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७७ ते १९९० या काळात तर असा नियम होता, की बँकेला शहरात एक शाखा काढायची असेल तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा काढाव्या लागत. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये मांडलं की या शाखाविस्ताराने ग्रामीण गरिबी खरोखर कमी झाली. त्यावर वाद झाले, अजून होतात. त्या काळात थकबाकीही वाढली, हे त्यांनीही लपवलेलं नाही. मी त्या काळाच्या शेवटी नोकरीला लागलो, तेव्हा माझं मत अगदीच निःपक्षपाती समजू नका. पण मी जे पाहिलं ते असं, की पत्र्याच्या छताखाली, दोन खोल्यांत भरणारी शाखा होती आणि तिच्यात निर्णय होत होते. चुकीचेही होत होते, पण तिथेच होत होते.

१९८९ मध्ये सेवाक्षेत्र पद्धत आली. प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा-वीस-पंचवीस गावं नेमून दिली. लोकांनी त्याला नाव दिलं 'दत्तक गाव'. दत्तक म्हणताना जो जिव्हाळा अपेक्षित असतो तो कुठे कुठे होता, पण पुष्कळ ठिकाणी या शब्दाचा एकच उपयोग उरला: "तुमचं गाव आमच्या शाखेला दत्तक नाही, तिकडच्या शाखेत जा." २००४ मध्ये हे बंधन बहुतांशी उठलं. वाक्य मात्र काउंटरवर आजही ऐकू येतं.

आता पीककर्जाचं बघू. आपल्याकडे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. कागदावर याहून स्वस्त पैसा जगात नसेल. पण वेळेत म्हणजे बहुतेकदा ३१ मार्चच्या आत. मार्चमध्ये शेतकऱ्याच्या हातात रोकड असतेच असं नाही. कापूस घरात, तूर बाजारात पडून, उसाचं बिल कारखान्याकडे अडकलेलं. मग तो 'नवं-जुनं' करतो. कुणाकडून तरी चार दिवसांच्या बोलीवर पैसे आणायचे, बँकेत भरायचे, खातं निल करायचं, नव्याने उचल घ्यायची आणि आणलेले परत करायचे. आणतो कुणाकडून? शेकडा तीन, शेकडा पाच घेणाऱ्याकडून. शेकडा पाच म्हणजे लाखाला महिन्याला पाच हजार रुपये.

इथे बँकवाल्याच्या टेबलाची किंमत कळते. भरणा झाल्यावर चौथ्या दिवशी नवी उचल मिळाली, तर शेतकऱ्याला भुर्दंड सहा-सातशेचा. "साहेब रजेवर आहेत", "सर्च रिपोर्ट जुना झाला", "सिस्टीम डाउन आहे", "वरून मंजुरी आली नाही" असं करत महिना गेला, तर पाच हजार. दीड महिना गेला तर साडेसात हजार, म्हणजे सात टक्क्यांनी वर्षभराचं जे व्याज झालं असतं त्याहून जास्त. सरकारने शून्य टक्क्यासाठी दिलेला पैसा त्या टेबलावरून सरळ सावकाराच्या गल्ल्यात गेला. कुठल्याही तपासणीत हे दिसत नाही. खातं नियमित, वसुली शंभर टक्के, शाखेला प्रशस्तिपत्र.

एका शाखेत मी साधी गोष्ट केली होती. फेब्रुवारीतच ज्यांचं नूतनीकरण यायचं होतं त्यांचे सातबारे आणि कागद मागवून तयार ठेवले, म्हणजे भरणा सकाळी आणि उचल फार तर दुसऱ्या दिवशी. त्यात कर्तबगारी कसली? पण त्यासाठी कुणाचं नूतनीकरण येणार, कुणाच्या सातबाऱ्यावर वारस नोंद अडकली आहे, कोण बाहेरगावी असतो, हे जानेवारीत ठाऊक असावं लागतं. जो मॅनेजर डिसेंबरात हजर झाला त्याला कसं ठाऊक असणार?

बदल्यांचं तेच आहे. एका शाखेत दोन वर्षं, फार तर तीन. नियमामागे कारण आहे. पैशाच्या टेबलावर माणूस फार दिवस बसला की हितसंबंध तयार होतात, म्हणून बँकेच्या दक्षता विभागातले, गैरव्यवहारांवर नजर ठेवणारे लोक तसं सांगतात. पण हिशेब मांडून बघा. पहिलं वर्ष गाव ओळखण्यात जातं. कोण कुणाचा मेहुणा, कुठला जामीनदार नुसता सहीपुरता, कुठल्या गटाच्या बायका हप्ता चुकवत नाहीत. दुसऱ्या वर्षी चार कर्जं डोकं वापरून देता येतात. ती फळाला येईपर्यंत घरच्यांचा धोशा सुरू होतो, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील. बदलीचा अर्ज जातो किंवा न जाता बदली येते. बढतीसाठी ग्रामीण सेवा काढावी लागते, म्हणून बरेच जण ती शिक्षा भोगावी तशी भोगतात. तालुक्याला खोली घेऊन राहायचं, सकाळच्या एसटीने यायचं, साडेपाचला परतीच्या गाडीकडे डोळे. मीही एका शाखेत अगदी असाच वागलो आहे. तिथल्या एकाही माणसाचा चेहरा मला आज आठवत नाही.

त्यात अलीकडे भाषेची भर पडली. भरती देशपातळीवर होते. बिहार, आंध्र, राजस्थानातला चोवीस-पंचवीस वर्षांचा हुशार पोरगा परभणीच्या आडबाजूच्या शाखेत येऊन पडतो. त्याच्यावर डाफरण्यात, त्याच्याकडून कॅमेऱ्यासमोर मराठी वदवून घेण्यात मला काही पुरुषार्थ वाटत नाही. त्याने काय गुन्हा केला? गुन्हा त्या धोरणाचा, जे त्याला 'पैसेवारी', 'बटई', 'नापेर' हे शब्द कळायला लागले की उचलून तेलंगणात टाकतं.

बटईचं नाव निघालंच आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही, जो दुसऱ्याची जमीन बटईने म्हणजे पिकाच्या वाट्यावर, किंवा ठोक्याने म्हणजे ठरलेल्या रकमेवर करतो, त्याचं पीककर्ज कोण देणार? मालक लेखी द्यायला तयार नसतो, कूळ लागेल अशी भीती. कागदाच्या दुनियेत हा शेतकरी अस्तित्वातच नाही. त्याला संयुक्त देयता गट, म्हणजे एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घेणाऱ्यांचा गट करून कर्ज देण्याची तरतूद आहे, पण बांधावर उभं राहून "ही पेरणी याची आहे" असं खात्रीने सांगणारा माणूस बँकेकडे असेल तरच ती चालते. बचत गटांचंही तसंच झालं. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. नियम सगळ्यांना एकच. तरी माझ्या पाहण्यात एकाच तालुक्यात एका शाखेत गटांची रीघ, आणि आठ किलोमीटरवरच्या शाखेत बायकांना खातं उघडायला तीनदा परत पाठवलेलं. तालुका एक, पाऊस एक, परिपत्रक एक. फरक खुर्चीतल्या माणसाचा.

हल्ली सांगतात की आता माणसाची गरजच नाही. जमिनीच्या नोंदी ऑनलाइन, आधार जोडलेलं, जुन्या कर्जफेडीवरून पत मोजणारा सिबिलचा आकडा क्षणात, मंजुरी मिनिटांत. यातलं पुष्कळ चांगलं आहे आणि ते नाकारणाऱ्यांतला मी नाही. एका सातबाऱ्यासाठी तलाठ्यामागे आठ दिवस फिरणारा शेतकरी मी पाहिला आहे. ते संपलं तर उत्तमच. पण सिबिलचा आकडा काय सांगतो? मागे चुकला होता एवढंच. का चुकला हे सांगत नाही. गारपिटीने द्राक्षबाग झोपली म्हणून चुकला, की पैसे असून बुडवले? पहिल्याला आत्ता कर्ज दिलं नाही तर तो कायमचा बुडतो, दुसऱ्याला दिलं तर बँक बुडते, आणि आकडा दोघांचा सारखाच. पीककर्जाला सिबिल लावू नका असं राज्य सरकार बँकांना वारंवार बजावतं, तंबीही देतं. बजावून काय होणार? मशीन बाजूला ठेवायचं तर त्याच्या जागी माणसाचा अंदाज लागतो आणि अंदाज करणारा माणूस आपण शाखेत ठेवलेला नाही.

आणि ठेवला असता तरी तो अंदाज करायला धजावला असता का? बँकेत आम्ही एक गोष्ट फार लवकर शिकतो. दिलेलं कर्ज बुडालं तर चौकशी लागते, खुलासा मागतात, निवृत्तीच्या तोंडावर आरोपपत्र मिळालेले सहकारी मी पाहिले आहेत. न दिलेल्या कर्जासाठी मात्र आजवर कुणालाही खुलासा विचारला गेल्याचं मला माहीत नाही. एखाद्याला योग्य वेळी पन्नास हजार मिळाले नाहीत, त्याने शेत विकलं आणि तो पुण्याला वॉचमन म्हणून गेला, हे नुकसान कुठल्या ताळेबंदात लिहायचं? तेव्हा शहाणा मॅनेजर काय करतो, तर नाही म्हणतो. किंवा त्याहून सोपं, काहीच म्हणत नाही, "बघू, कागद ठेवून जा."

याच्या उलटही घडतं, आणि ते मी स्वतः केलं आहे. एका मार्चमध्ये माझं कृषिकर्जाचं टार्गेट अपुरं होतं. शेती क्षेत्राला एकूण कर्जाच्या १८ टक्के द्यायचे हा राष्ट्रीय दंडक, तो वाटत वाटत खाली येतो आणि शेवटी एका शाखेच्या भिंतीवरच्या तक्त्यावर आकडा होऊन लटकतो. ट्रॅक्टर हा आकडा गाठायचा झटपट मार्ग. डीलरचा माणूस कागद घेऊन तयारच बसलेला. एका लहानशा गावात मी पंधरा दिवसांत चार ट्रॅक्टर दिले. त्या गावात सगळी मिळून दीड ट्रॅक्टरलाही पुरेल एवढी नांगरट नव्हती. हे मला ठाऊक होतं. मी त्या गावच्या शिवारातून हिंडलो होतो. चौघे एकमेकांचे भाव पाडत राहिले, दोन वर्षांत दोन ट्रॅक्टर ओढून आणावे लागले, त्यातल्या एका कर्जदाराची आई शाखेच्या पायरीवर बसून राहिली होती. मला त्या वर्षी चषक मिळाला.

म्हणून मी म्हणतो, नाही म्हणणं हेही विकासाचंच काम आहे. पण आळसाने नाही म्हणणारा वेगळा आणि "तुझ्या गावात आधीच दोन ट्रॅक्टर आहेत, त्यापेक्षा मळणीयंत्र घे" असं सांगून नाही म्हणणारा वेगळा. दुसऱ्या माणसाला गाव ठाऊक लागतं.

आता यावरचा खरा आक्षेप, जो टाळून चालणार नाही. स्थानिक माणसाच्या हाती सगळं दिलं की काय होतं, हे महाराष्ट्राइतकं कुणी भोगलं आहे? जिल्हा बँका स्थानिकच होत्या. संचालक गावातलेच, सोसायटीचा चेअरमन चुलता, गटसचिव ओळखीचा. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त केलं. नागपूर, वर्धा, बुलढाणा या जिल्हा बँका अशा रुतल्या की ठेवीदारांना स्वतःचे पैसे काढता येईनात. ओळख होती, माहिती होती, आणि ती वापरली गेली आपल्या माणसासाठी. सावकाराने माहिती लुटीसाठी वापरली, पुढाऱ्याने मतांसाठी. मग बदली करणारा तो दक्षता विभाग चुकीचा कसा म्हणायचा?

पूर्ण चुकीचा नाहीच. पण औषध त्याने भलतंच काढलं. माहितीचा गैरवापर होतो म्हणून माणसाला अडाणी ठेवायचं, हे म्हणजे चोरी होते म्हणून कोठारात धान्यच न ठेवण्यासारखं. गैरवापर थांबतो तो उजेडाने. उडुपीला १९२५ मध्ये टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातमागवाल्यांना आधार म्हणून जी बँक काढली, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, तिने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. माणूस रोज दारात येऊन दोन आणे घेऊन जायचा. लोक याकडे बचतीची योजना म्हणून बघतात. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते: ज्याच्या दारात बँकेचा माणूस रोज जातो त्याच्याविषयी बँकेला रोज काहीतरी कळतं, आणि तो जातो चारचौघांदेखत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या साक्षरता वर्गाला बसल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. याही संस्था स्थानिकच. म्हणजे स्थानिक असणं हा रोग नव्हे.

गंमत म्हणजे हे सगळं सरकारला १९७५ मध्ये समजलं होतं. प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या त्या याच विचाराने, की सहकाराची गावाशी असलेली जवळीक आणि व्यापारी बँकेची शिस्त एकत्र यावी. एक-दोन जिल्ह्यांचं क्षेत्र, त्याच भागातला कर्मचारी, तीच भाषा. एके काळी अशा १९६ बँका होत्या. एकत्र करत करत १ मे २०२५ पासून 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' झाली आणि देशात २८ उरल्या. भांडवल, तंत्रज्ञान, खर्च या सगळ्या हिशेबांनी ते बरोबर असेलही. पण सिंधुदुर्गाचं भात आणि गडचिरोलीचं भात एकाच मुख्यालयातून बघायचं, तर तिथे जवळीक हा शब्द निदान वापरू नये.

मला काय हवं आहे? ग्रामीण शाखेत मॅनेजर किमान पाच वर्षं राहावा, आणि राहणाऱ्याला त्याचा फायदा मिळावा. आज मिळतो तो सुटणाऱ्याला. पाच वर्षांनी त्याचा गैरव्यवहार वाढेल ही भीती असेल तर मधे अचानक तपासणी करा, दुप्पट करा. ठराविक रकमेपर्यंतचं कर्ज त्याच्या सहीने, त्याच दिवशी मंजूर व्हावं. विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख आहे. निदान तेवढ्या रकमेसाठी तरी फाइल शहरात जाऊ नये. आठवड्यातला एक दिवस शाखेत बसायचंच नाही, शिवारात. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचं कारण मराठीत, लेखी, तारखेसह अर्जदाराच्या हातात पडावं. आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत उभं राहून मॅनेजरने सांगावं, की तुमच्या गावातून इतक्या ठेवी घेतल्या आणि तुमच्याच गावात इतकं कर्ज दिलं. ठेवींच्या मानाने कर्ज किती, हा राज्याचा आकडा नेहमी देखणा दिसतो, मुंबई त्यात मिसळलेली असते म्हणून. एकेका गावाचा काढला तर पुष्कळ ठिकाणी गाव शहराला कर्ज देतंय असं दिसेल.

कर्जमाफीबद्दल मी इथे फार बोलत नाही. १९९०, २००८, २०१७, २०१९, प्रत्येक वेळी काही खरोखर बुडालेली माणसं वर आली, हे मी पाहिलं आहे. आणि प्रत्येक वेळी, बायकोची पोत मोडून मार्चमध्ये हप्ता भरलेला एखादा शेतकरी माझ्यासमोर येऊन बसला आणि काही न बोलता उठून गेला, हेही पाहिलं आहे. पुढे नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांचं प्रोत्साहन निघालं. पण त्या माणसाशी मी पुन्हा कधी नजर मिळवून वसुलीचं बोलू शकलो नाही.

आणि एक विनंती. वर्धापनदिनाला शाळेत दोन पंखे द्यायचे, पाच झाडं लावायची, बॅनर धरून फोटो काढायचा आणि त्याला बँकेचं ग्रामविकासातलं योगदान म्हणायचं, हे थांबवा. पंखे द्या, त्याला ना नाही. फक्त त्या दिवशी शाखा दुपारी बंद करून, लांबून आलेल्या लोकांना उन्हात ताटकळत ठेवू नका.

बदली झाली की मी प्रत्येक शाखेत एक दोनशे पानी वही मागे ठेवत असे. गावनिहाय, वस्तीनिहाय. पाणी कुठं, रस्ता कुठं तुटतो, कुणाचा शब्द पक्का, कुणाला कर्ज दिलं तर बायकोची सही आधी घ्यावी, अशा नोंदी. त्या ओढ्याचीही होती. एका ठिकाणी नंतर आलेल्या मॅनेजरने फोन करून विचारलं, सर, ही वही कुठल्या रजिस्टरमध्ये चढवायची? मी म्हटलं कुठल्याच नाही, वाचायची. तो प्रामाणिक होता, म्हणाला, तपासणीत सापडली तर काय सांगू?

मागच्या वर्षी त्या भागात लग्नाला गेलो होतो, तर शाखेत डोकावलो. माझ्यानंतरचा चौथा मॅनेजर होता. वहीबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. शिपायाने मात्र मला ओळखलं, आतल्या खोलीत नेलं आणि जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांखालून ती काढून दाखवली. मधल्या पानांवर निळ्या शाईत त्याच्या अक्षरात नवीन नोंदी होत्या, दोन मॅनेजरांच्या काळातल्या. कर्जाची शिफारस लोक त्याच्याकडेच करतात, आणि साहेब कागद पुढे ढकलण्याआधी हळूच त्यालाच विचारतात, हा कसा आहे रे माणूस. तो येत्या मे महिन्यात निवृत्त होतोय. त्याच्या जागी माणूस देणार नाहीत, असं परिपत्रक आलंय म्हणाला.